वसंतातील फुलबाग आखणी आणि लागवड : कोल्हापुरातील एका रोपवाटिकेच्या सेवेचे परीक्षण

घराभोवतीची जागा पाहून फुलबागेचा आराखडा काढून देणे, माती तयार करणे, रोपे लावणे आणि पुढे काही महिने देखरेख ठेवणे, असे सगळे काम एकत्र घेणाऱ्या रोपवाटिका आता कोल्हापुरातही आहेत. कळंबा भागातील आमच्या घरासाठी आम्ही अशा एका रोपवाटिकेची सेवा माघ महिन्याच्या अखेरीस घेतली आणि गुढीपाडव्यापूर्वी मुख्य लागवड पूर्ण झाली. त्यानंतर उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू बागेवरून गेले आहेत, म्हणून या सेवेविषयी आता सविस्तर लिहिता येईल. अशा सेवेचे मोल लागवडीनंतर लगेच दिसणाऱ्या फुलांवरून ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. आखणी करणाऱ्या माणसाने चैत्रातील बाग मनात धरण्यापूर्वी वैशाखातील ऊन आणि आषाढातील पाऊस यांचा किती विचार केला, यावरच ते ठरते.

कोल्हापूरच्या हवामानात याला विशेष कारण आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून थंडी ओसरते, मोगऱ्याला नवी फूट येऊ लागते, आणि लागवडीचा उत्साहही तेव्हाच येतो. मात्र एप्रिलमध्ये दुपारचे तापमान 38 अंशांच्या आसपास पोहोचू लागते, त्यामुळे या काळात लावलेल्या रोपाला मुळे धरायला जेमतेम सहा ते आठ आठवडे मिळतात. मेमध्ये वळवाचे पाऊस येतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीच्या सान्निध्यातला पाऊस जमीन सतत ओली ठेवतो. एकाच रोपाला आधी कडक ऊन आणि मग साचलेले पाणी सोसावे लागते. ज्या आराखड्यात या दोन्हींची सोय नाही, त्यातील निम्मी रोपे श्रावणापर्यंत टिकत नाहीत, हे आजूबाजूच्या अंगणांतून दरवर्षी दिसते.

पाहणीसाठी आलेल्या माणसांनी पहिल्याच भेटीत विश्वास वाटावा असे काम केले. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी ऊन कोठवर येते हे त्यांनी घरच्यांना विचारून घेतले. पिण्याचे पाणी नळाचे असले तरी बागेला बोअरचे पाणी घालणार का, याची चौकशी केली. आणि पूजेला रोज कोणती फुले लागतात, हेही विचारले. हा शेवटचा प्रश्न मला फार योग्य वाटला. आमच्याकडे गणपतीला लाल जास्वंद, शंकराला पांढरी तगर आणि शुक्रवारी अंबाबाईच्या तसबिरीला हार, अशी रीत आहे. ज्या घरात परडी घेऊन रोज सकाळी कोणीतरी अंगणात उतरते, त्या घराची बाग केवळ रस्त्यावरून छान दिसेल अशी आखली तर ती घरच्यांच्या उपयोगाची राहत नाही. जास्वंद आणि तगर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारापासून जवळ, हात पोहोचेल अशा अंतरावर ठेवली. वृद्ध माणसालाही वाकावे लागू नये, हा हेतू त्यांनी आराखड्यावर लिहूनही दिला होता.

त्यानंतर त्यांनी अंगणात हातभर खोल खड्डा खणून त्यात पाणी ओतले आणि ते किती वेळात जिरते हे पाहिले. तास उलटला तरी पाणी तसेच होते. नव्या वसाहतींतील बहुतेक घरांची हीच अवस्था असते. मुळात या परिसरात काळी भारी जमीन. तिच्यावर बांधकामाच्या वेळी मुरूम पसरलेला, त्यात विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुना मिसळलेली खरमाती, आणि शेवटी वरून दिसायला बरी म्हणून अंथरलेला वीतभर मातीचा थर. वरचा थर पाहून रोपे लावली तर मुळे मुरमापाशी अडतात आणि पावसाळ्यात तेथेच पाणी धरून कुजतात. माती परीक्षण करून घ्यावे असा आग्रह त्यांनीच धरला आणि सामू 8 च्या वर निघाला, म्हणजे माती अल्कधर्मी आहे हे स्पष्ट झाले.

या सेवेतील सर्वांत चांगला भाग म्हणजे मातीचे काम, आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटाही तिच्यावरच गेला. रोपांपेक्षा मातीला जास्त पैसे लागतात हे ऐकून अनेक ग्राहक मागे सरतात, पण मला हे प्रमाण बरोबर वाटते. मुरूम आणि खरमाती दीड फुटापर्यंत काढून टाकली. त्या जागी नदीकाठचा पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू असे मिश्रण भरून जमिनीपासून नऊ इंच उंच गादीवाफे केले. काळ्या मातीत नुसती वाळू मिसळल्याने निचरा सुधारत नाही. तिला भुसभुशीत ठेवते ते सेंद्रिय खत, आणि तेही दरवर्षी घालत राहावे लागते, हे त्यांनी आम्हाला आधीच सांगितले. साखर कारखान्यातील प्रेसमडचे, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचे, कंपोस्ट आपल्याकडे स्वस्त आणि मुबलक मिळते, पण रस शुद्ध करताना वापरलेल्या चुन्याचा अंश त्यात राहतो. आधीच अल्कधर्मी असलेल्या जमिनीत त्यांनी ते हात राखूनच वापरले. अशी बारीक गोष्ट ग्राहकाच्या लक्षात येणार नाही, हे माहीत असूनही जो नीट करतो, त्याचे काम मी पक्के मानतो.

शेणखताच्या बाबतीत त्यांनी घेतलेली काळजीही नमूद करण्यासारखी आहे. ऊसपट्ट्यात हुमणी ही ओळखीची कीड आहे. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून रात्री कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, मादी मातीत अंडी घालते, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून या अळ्या थेट घरच्या वाफ्यात येतात. मुळे खाल्ली गेली तरी वरून रोप केवळ पाण्याअभावी मलूल झाल्यासारखे दिसते, म्हणून माणूस आणखी पाणी घालत राहतो. रोपवाटिकेने खत चाळून आणले होते, आणि भरताना त्यात निंबोळी पेंड आणि मेटारायझियम ही हुमणीवर वाढणारी उपयुक्त बुरशी मिसळली. संपूर्ण पावसाळ्यात आमच्या वाफ्यांत हुमणी आढळली नाही.

आता आराखड्याविषयी. कागदावर प्रत्येक रोपाची जागा, पूर्ण वाढीनंतरचा घेर आणि फुलांचा हंगाम लिहिलेला होता. हा कागद मला फार उपयोगी वाटला, कारण घरगुती बागेत सर्वाधिक नुकसान दाटीमुळे होते. मोगऱ्याची लहान रोपे तीन फुटांवर लावलेली पाहून सुरुवातीला जागा ओस पडल्यासारखी वाटली. पण मोगऱ्याला दिवसाचे किमान सहा तास ऊन आणि चहूबाजूंनी मोकळी हवा मिळाली नाही तर तो पानांनी भरतो आणि कळ्या धरत नाही. सोनचाफ्याचे कलम कुंपणाच्या भिंतीला लागून लावावे अशी आमची इच्छा होती. मोठा होणारा वृक्ष भिंतीपासून किमान आठ फूट दूर हवा, असे सांगून त्यांनी ती नम्रपणे नाकारली. मधुमालतीला फाटकाची कमान दिली आणि दरवर्षी छाटणीची तयारी असेल तरच ती ठेवा, असे बजावले.

याच आराखड्यात एक मोठी त्रुटी होती. पाहणी फेब्रुवारीत झाली. त्या वेळी घराच्या उत्तरेकडील भिंतीला दिवसभर सावली होती, म्हणून तेथे फर्न आणि बिगोनिया अशी सावलीतील रोपे योजली गेली. कोल्हापूर साधारण 16.7 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो किंचित उत्तरेकडे राहतो. सकाळ-सायंकाळची तिरपी किरणे तर मार्चअखेरीपासूनच उत्तर भिंतीवर येऊ लागतात. एप्रिलच्या अखेरीस मावळतीचे ऊन त्या फर्नवर पडू लागले आणि मेच्या मध्यापर्यंत त्यांची पाने कडेने करपून गेली. उत्तर बाजू म्हणजे कायमची सावली, हा समज आपल्या अक्षांशावर खरा नाही, आणि बाग आखणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना हे ठाऊक असायला हवे होते. तक्रार केल्यावर त्यांनी वाद न घालता रोपे काढून घेतली आणि निम्म्या दरात अबोली लावून दिली. अबोलीला अर्धवट ऊन मानवते, आणि आज तो कोपरा बागेतील सर्वांत भरलेला कोपरा आहे. त्यांची वागणूक चांगली होती. तरी वसंतात पाहणी करणाऱ्या प्रत्येकाने ग्राहकाला मे महिन्यातील ऊन कोठे पडते हे विचारून घेतलेच पाहिजे.

रोपांच्या निवडीत त्यांचे ज्ञान चांगले दिसले, पण विक्रीचा मोहही दिसला. हंगामी फुलांसाठी त्यांनी पेटुनिया, पॅन्झी आणि डॉग फ्लॉवर सुचवली होती, आणि पिशव्यांतील ती रोपे खरोखरच नजर ठरणार नाही इतकी फुललेली होती. ही सारी थंडीतील फुले आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावली तर फेब्रुवारीपर्यंत भरपूर फुलतात. फाल्गुनात विकत घेतली तर त्यांच्या आयुष्याचा शेवटचा महिनाच आपल्या वाट्याला येतो. आम्ही ती नाकारल्यावर त्यांनी लगेच दुसरी यादी दिली, म्हणजे योग्य पर्याय त्यांना माहीत होते. त्या यादीतील झिनिया, गलांडा, गॉम्फ्रेना आणि चिनी गुलाब यांनी पुढचे तीन महिने ऊन अंगावर घेत बाग रंगती ठेवली. झिनियाचे बी थेट वाफ्यात पेरले तरी चालते आणि साधारण दोन महिन्यांत फुले येतात, त्यामुळे रोपांवर खर्च करण्याचीही गरज नसते. बी पेरा, रोपे नकोत, असा सल्ला रोपवाटिकेने स्वतःहून दिला असता तर माझा त्यांच्यावरील विश्वास अधिक वाढला असता.

मोगऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी विक्रीपेक्षा हिताचे सांगितले. पहिल्या उन्हाळ्यात फुले बेताचीच येतील. खरा बहर पुढील वर्षी, तोही डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटणी केली तर, कारण मोगरा नव्या फुटीवर फुलतो, हे त्यांनी स्पष्ट केले. बटमोगरा आणि मदनबाण अशी दोन्ही रोपे त्यांनी दिली. मदनबाणाची टोकदार कळी गजऱ्याला बरी, तर बटमोगऱ्याचे गोल, गच्च फूल देवापुढे ठेवायला बरे. अनंताचे झाड आम्हाला वाफ्यात हवे होते; पण अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि अल्कधर्मी जमिनीत त्याला लोह घेता येत नाही, त्यामुळे शिरा हिरव्या राहून बाकीचे पान पिवळे पडते. म्हणून त्यांनी ते मोठ्या मातीच्या कुंडीत, गगनबावड्याकडच्या जांभ्या मातीत पालापाचोळ्याचे खत मिसळून लावले. त्याला बोअरचे पाणी घालू नका, पावसाचे किंवा नळाचेच घाला, ही सूचनाही दिली. झाड अजून हिरवेगार आहे.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास सगळीकडे दवणा दिसतो, तसा त्यांच्याकडेही कुंड्यांत होता. देवाला वाहण्यासाठी तो जरूर घ्यावा, आम्हीही घेतला. पण तो थंडीत वाढणारा असल्याने उन्हाळ्यात टिकेल या आशेने वाफ्यात लावू नये.

लागवडीचे प्रत्यक्ष काम दोन माळी काकांनी केले, आणि त्यातील एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्याकडे रोपे बहुधा तांबड्या चिकण मातीच्या पिशवीत वाढवलेली असतात. ही माती वाळली की विटेसारखी घट्ट होते, आणि तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर बाजूचा वाफा ओला असूनही मुळांजवळची माती कोरडी राहते. काकांनी लावणीच्या आदल्या दिवशी पिशव्या भिजवून ठेवल्या, पिशवी फाडल्यावर गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या केल्या, गुंडाळलेली मुळे सोडवली, आणि मगच रोप खड्ड्यात ठेवले. सगळी लावणी उन्हे उतरल्यावर केली. हे काम सावकाश होते आणि मजुरीही वाढते, तरीही आमचे एकही झुडूप लावणीनंतर मेले नाही, याचे श्रेय मी याच काळजीला देतो.

पाण्यासाठी त्यांनी ठिबक संच सुचवला. काळ्या मातीत पाणी आडवे पसरते, म्हणून ताशी दोन लिटरच्या तोट्या दूर-दूर लावल्या तरी पुरतात. त्यांनी मात्र ताशी चार लिटरच्या तोट्या प्रत्येक रोपाला दोन-दोन लावल्या होत्या. त्यामुळे वाफे गरजेपेक्षा ओले राहू लागले, आणि निम्म्या तोट्या बंद कराव्या लागल्या. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी तोट्या चोंदतात, म्हणून गाळणी वरचेवर धुवावी लागते. ही माहिती संच विकताना दिली गेली नाही. ठिबकाच्या कामात ही रोपवाटिका कच्ची आहे आणि ते काम सिंचन साहित्य विकणाऱ्या वेगळ्या जाणकाराकडून करून घ्यावे, असे मी सुचवेन. उलट आच्छादनाची त्यांची योजना उत्तम होती. फेब्रुवारी-मार्च हा ऊसतोडीचा काळ असल्याने पाचट अगदी स्वस्तात मिळते. त्याचा तुकडे केलेला तीन इंचांचा थर वाफ्यावर पसरला, आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवली, म्हणजे वाळवी खोडापर्यंत येत नाही. भर उन्हाळ्यातही त्या थराखालची माती बोटाला ओलसर लागत असे.

कुंड्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर त्यांच्याकडील फायबरच्या कुंड्या दिसायला सुबक असल्या तरी महाग आहेत आणि उन्हात लवकर तापतात. आम्ही कुंभारांकडून मातीच्या कुंड्या आणल्या. रोपवाटिकेने त्या भरून देण्यास कोणतीही आडकाठी केली नाही.

दराच्या बाबतीत ही सेवा स्वस्त नाही, पण हिशेब चोख आहे. मोगऱ्याचे पिशवीतील रोप 100 रुपयांच्या आत आणि सोनचाफ्याचे कलम 300 रुपयांच्या आसपास, म्हणजे रोपांचे दर इतर ठिकाणांसारखेच पडले. पाहणी आणि आराखड्याचे शुल्क वेगळे होते. लागवड त्यांच्याकडून केल्यास ते एकूण रकमेतून वजा होते. माती, खत, रोपे आणि मजुरी यांची वेगवेगळी नोंद असलेली पावती मिळाली, आणि मेलेले रोप किती काळात बदलून मिळेल हेही तिच्यावर लिहिलेले होते. ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी आराखडा आणि मातीचे काम त्यांच्याकडून घ्यावे आणि हंगामी फुले स्वतः बियांपासून करावीत.

देखरेखीच्या भेटी ठरल्याप्रमाणे झाल्या, फक्त मे महिन्यात, जेव्हा त्यांची खरी गरज होती, तेव्हा त्या लांबल्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसू लागला होता आणि गुलाबाची कलमे कधी लावायची हा प्रश्नही तेव्हाच ऐरणीवर होता. फोनवर त्यांनी दिलेला सल्ला बरोबर होता. किडलेले शेंडे कापून टाका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा आणि नंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या द्रावणासह मिसळून सायंकाळी फवारा, एवढे केल्यावर कीड आटोक्यात आली. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी येऊन पाचटाचा थर विरळ केला आणि वाफ्यांच्या कडेने चर काढले. जुलैमध्ये सलग पाऊस झाला तेव्हा शेजारच्या सपाट वाफ्यांत पाणी उभे होते, आमच्या गादीवाफ्यांतून ते चरांत उतरून गेले. सदाफुलीची काही रोपे बुडाशी कुजली, एवढेच नुकसान झाले.

निशिगंधाचे कंद त्यांनी एप्रिलअखेरीस लावले होते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेली एकेरी पाकळ्यांची शृंगार आणि दुहेरी पाकळ्यांची सुवासिनी, अशा दोन्ही जाती त्यांनी नावानिशी दिल्या, आणि प्रत्येक वाफ्यावर जातीची पाटी लावली. जातीचे नाव सांगता न येणारी रोपवाटिका मला अर्धीच वाटते, म्हणून याचे मोल मी अधिक मानतो. लावणीनंतर तीन ते चार महिन्यांत दांडे येतात, त्यामुळे गौरी-गणपतीच्या दिवसांत पहिली फुले मिळाली. सुवासिनीची भरगच्च फुले पावसात पूर्ण उमलली नाहीत. शृंगारची मात्र छान उमलली, आणि सुगंधही तिचाच अधिक आहे. आपल्या पावसाच्या प्रदेशात घरासाठी एकेरी जातच घ्यावी.

गुलाबाचे कलम मार्चमध्ये लावण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यासाठी वाफ्यातील एक जागा राखून तेथे झिनिया पेरली आणि गुलाबांची रक्कम पावतीतून कमी केली. मे महिन्यात आम्ही पुन्हा विचारले, तेव्हाही पाऊस संपेपर्यंत थांबा, हेच उत्तर मिळाले. आता पाऊस ओसरत आला आहे. झिनिया उपटून त्या जागेत नवे शेणखत मिसळून ठेवले आहे, आणि दसऱ्यानंतर गुलाबांची लागवड याच रोपवाटिकेकडून करून घेण्याचे आम्ही त्यांना कळवले आहे.